बुटक्या खुर्चीतला पियानोवाला

१९५५ सालचा जून महिना. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर एक जुनं चर्च होतं. तिथल्या प्रार्थना केव्हाच थांबल्या होत्या आणि त्या उंच छताखाली आता एका रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ थाटलेला होता. एके दिवशी तिथे एक २२ वर्षांचा किडकिडीत तरुण येऊन दाखल झाला. अंगात जाड कोट, गळ्याभोवती मफलर, डोक्यावर टोपी, हातात मोजे. ऐन जूनमध्ये! सोबत टॉवेलांचा गठ्ठा, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, औषधाच्या गोळ्या आणि एक घडीची खुर्ची. स्टुडिओतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

त्याने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात कढत पाण्यात बुडवून तो वीसेक मिनिटं बसून राहिला. मग हात टिपून आपली खुर्ची पियानोसमोर ठेवली आणि तीत बसला. बसला कसला, जवळजवळ बुडालाच! कारण त्या खुर्चीची बैठक जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटर उंच होती. तुमच्या घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची पट्टीने मोजून बघा, बहुतेक ४५च्या आसपास भरेल. पियानो वाजवणारे तर त्याहूनही जरा उंच बसतात. हा मात्र असा बसला की नाक थेट पट्ट्यांच्या जवळ आलं. आणि मग तो वाजवायला लागला, वाजवता वाजवता मोठमोठ्याने गुणगुणायलाही लागला. माइकला काय, जे कानावर पडेल ते तो टिपणार. त्यामुळे त्या रेकॉर्डमध्ये पियानो आहे, त्याचं गुणगुणणं आहे आणि नीट कान दिलात तर मधूनच खुर्चीची कुरकुरही आहे.

या तरुणाचं नाव ग्लेन गूल्ड. कॅनडातल्या टोरांटो शहरात २५ सप्टेंबर १९३२ला तो जन्मला. वडिलांचा फरच्या कपड्यांचा धंदा होता आणि आई गाणं आणि पियानो शिकवायची. दहा वर्षांचा होईपर्यंत तीच त्याची गुरू. तिसऱ्या वर्षीच घरच्यांच्या लक्षात आलं की पोराला 'पक्का कान' आहे. म्हणजे कुठलाही सूर ऐकला की तो कोणता, हे पियानोकडे न बघता तो सांगायचा. असे कान हजारो माणसांत एखाद्याला असतात. आपल्या गाण्यात याची तितकी गरज पडत नाही, कारण आपण सा कुठेही धरतो. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी काळी चारमध्ये, आणि बाकीचे सूर त्या सा-वरून मोजतो. पियानोवाल्यांच्या जगात मात्र प्रत्येक सुराची जागा ठरलेली. मधल्या भागातली एक पट्टी दाबली की तिची तार सेकंदाला ४४० वेळा थरथरली पाहिजे. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

आता जरा त्या पियानोच्या पोटात डोकावू या. कारण गूल्डने आयुष्यभर जे काही चमत्कारिक हट्ट केले, त्यांचं मूळ तिथेच आहे.

मोठ्या मैफिलीचा पियानो असतो पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोला थोडाच कमी. पट्ट्या ८८, त्यातल्या ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. तारा मात्र सव्वादोनशेच्या पुढे! वरच्या, म्हणजे पातळ सुरांसाठी एकेका पट्टीला तीन-तीन तारा असतात. खालच्या खर्जातल्या सुरांना एखाद-दुसरीच, पण ती जाडजूड आणि वरून तांब्याची तार गुंडाळलेली. या सगळ्या तारा इतक्या ताणलेल्या असतात की त्यांची एकत्रित ओढ १८ ते २० टनांच्या घरात जाते. नुसतं लाकूड ही ओढ सोसू शकणार नाही, कडकन मोडेल. म्हणून आत एक भलीमोठी ओतीव लोखंडी चौकट बसवलेली असते. ही चौकट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच संकट येणार आहे.

पट्टी दाबली की काय होतं? पट्टी खाली जाते फक्त सेंटिमीटरभर. तिच्या मागच्या टोकाला लाकडी तरफांची एक साखळी असते. शेवटची तरफ एका हातोडीला वर ढकलते. हातोडीचं डोकं लाकडाचं आणि त्यावर दाबून बसवलेला लोकरीचा नमदा. हातोडी तारेवर जाऊन आदळते आणि सूर निघतो. इतपत कुणालाही सुचलं असतं. खरी गंमत शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये आहे. हातोडी तारेला टेकायच्या अगदी आधी तिला ढकलणारी तरफ बाजूला सरकते आणि हातोडी सुटते! तिथून पुढचा प्रवास ती एकटीने करते, तारेवर आपटते आणि उलटी मागे येते. असं झालं नसतं, तर हातोडी तारेला चिकटून राहिली असती आणि निघालेला सूर तिथल्या तिथे गुदमरला असता.

कॅरम खेळताना स्ट्रायकरला टिचकी मारता ना? टिचकीच्या आधी हवा तेवढा नेम धरा, पण एकदा स्ट्रायकर नखापासून सुटला की तुम्ही नुसते बघे. पियानो वाजवणाऱ्याचं अगदी तसंच होतं. हातोडी सुटताना तिचा वेग किती असावा, एवढंच त्याच्या हातात. वेग कमी तर सूर हळू, वेग जास्त तर सूर मोठा आणि जरा लखलखीत. सूर एकदा निघाला की त्याला मोठा करता येत नाही, मींड घेऊन वळवता येत नाही. पेटीची पट्टी दाबून धरली आणि भाता मारत राहिलं, की सूर हवा तितका वेळ टिकतो. पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून विरायला लागतो.

जेम्स जीन्स नावाचे एक ब्रिटिश शास्त्रज्ञ होते. १९३७ साली त्यांनी संगीताच्या विज्ञानावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मुद्दा मांडला की एकच सूर काढायचा असेल, तर पट्टी एखाद्या महान वादकाने बोटाने दाबली काय किंवा छत्रीच्या टोकाने दाबली काय, वेग तोच असेल तर आवाजही तोच. पियानो वाजवणाऱ्यांना हा मुद्दा फार झोंबतो, आणि झोंबणारच! वर्षानुवर्षं रियाज करायचा आणि कुणीतरी येऊन छत्रीशी बरोबरी करायची. पण मला विचाराल तर जीन्ससाहेबांनी नकळत वादकांची थोरवीच सांगितली आहे. एका सुरात जर काहीच कसब दाखवता येत नसेल, तर कसब असणार दोन सुरांच्या मधल्या जागेत. पुढचा सूर नेमका कधी येणार, आधीचा कधी तोडायचा, दहा बोटांतल्या कोणत्या बोटाने जरा जोर धरायचा आणि कोणत्या बोटाने हळूच मागे राहायचं, यात. हे छत्रीला जमायचं नाही.

हे सुटणाऱ्या हातोडीचं यंत्र शोधलं इटलीतल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने. सन १७००च्या सुमाराला तो फ्लॉरेन्समध्ये मेदिची राजघराण्याची वाद्यं सांभाळायचा. त्याआधीच्या हार्पसिकॉर्ड नावाच्या वाद्यात तार छेडली जायची. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळपास सारखाच. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी ठोकायचं ठरवलं आणि लहान-मोठा आवाज बोटांच्या ताब्यात आला. त्याने बनवलेले तीन पियानो अजून शिल्लक आहेत. त्यातला सगळ्यात जुना १७२० सालचा, तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. पुढे १८२१मध्ये फ्रान्सच्या एरार यांनी त्या यंत्रात सुधारणा केली. पट्टी पूर्ण वर यायच्या आतच हातोडी पुन्हा उडायला तयार! मग काय, एकच सूर पटापट, थरथरवल्यासारखा वाजवता यायला लागला.

आता पुस्तक बाजूला ठेवा आणि एक करून बघा. उजव्या हाताची बोटं टेबलावर पियानो वाजवल्यासारखी नाचवा आणि डाव्या हाताने उजव्या कोपराच्या जरा खाली हलकेच धरा. काहीतरी वळवळतंय ना? ते आहेत बोटांना हलवणारे स्नायू. बोटं इथे आणि त्यांचे बळकट स्नायू तिकडे, कोपराजवळ! बोटांच्या आत सांधे वाकवणारा एकही स्नायू नसतो. काही छोटे स्नायू तळहातात असतात, बाकीचे कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात, आणि तिथून लांबलचक चिवट कंडरा मनगटातून बोटांपर्यंत येतात. ग्लेन गूल्ड कढत पाण्यात फक्त पंजे न बुडवता कोपरापर्यंत हात का बुडवायचा, ते आलं लक्षात?

दुसरी गंमत. मधलं बोट आत दुमडून टेबलावर टेकवा, बाकीच्या बोटांची टोकंही टेकू द्या. आता एकेक बोट उचला. अंगठा उचलला जातो, तर्जनी उचलली जाते, करंगळीसुद्धा. पण अनामिका? जागची हलत नाही! पंजाच्या पाठीवर या बोटांच्या कंडरा एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. शेजारीण अडकली की हिलाही उठता येत नाही. पियानो शिकणाऱ्यांची निम्मी वर्षं या हटवादी अनामिकेची समजूत घालण्यात जातात.

ग्लेनला आईनंतर जे गुरू मिळाले त्यांचं नाव अल्बर्टो गेरेरो. ते दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाचे. त्यांच्याकडे एक अजब व्यायाम होता. एक हात पट्ट्यांवर अगदी सैल ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या एकेका बोटावर टिचकी मारायची. बोट पट्टीसकट खाली जातं आणि पट्टीच्याच उसळीने आपसूक वर येतं. वाजवणाऱ्या हाताने काहीच करायचं नाही. यातून बोटांना कळतं की सूर काढायला खरोखर किती कमी ताकद लागते. साधारण पन्नास ग्रॅम वजन ठेवलं तरी पट्टी खाली जाते. उरलेला जोर आपण उगाचच लावत असतो.

गेरेरो स्वतः जरा खाली बसूनच वाजवायचे. ग्लेनने ती सवय उचलली आणि थेट टोकाला नेली. त्यातच लहानपणी तो एकदा पडला होता आणि पाठीला मार बसला होता. १९५३च्या सुमाराला वडिलांनी घरातली एक घडीची खुर्ची घेतली, पाय कापून आखूड केले आणि प्रत्येक पायाला धातूची पट्टी आणि फिरवता येणारा स्क्रू बसवला. खुर्ची केसभर वर हवी असेल तर स्क्रू फिरवायचा. बस्स! यानंतर वाजवायला ग्लेन जन्मभर दुसऱ्या कशावर बसला नाही. जगभरातल्या मैफिलींना खुर्ची त्याच्याबरोबर गेली. पुढे तिची गादी फाटली, मग पार निघून गेली आणि नुसता लाकडी सांगाडा उरला. तरी तो त्या सांगाड्यावरच बसून वाजवायचा.

इतकं खाली बसल्याने खांद्याचा आणि दंडाचा भार पट्ट्यांवर पडत नाही आणि सगळं काम बोटांवर येतं. सूर सुटे, टपोरे, स्वच्छ निघतात. गडगडाटी, धडाकेबाज संगीताला मात्र ही बैठक कामाची नाही, तिथे वरून वजन टाकावं लागतं. गूल्डला हे ठाऊक होतं आणि तसलं संगीत त्याला फारसं आवडतही नव्हतं. तुम्ही मात्र त्याची नक्कल करायला जाऊ नका. एक तर पाठ धरेल, आणि दुसरं म्हणजे तुमच्या पेटीच्या बाई तुम्हाला असं बसू देणार नाहीत.

त्याच्या पोरवयातला एक किस्सा मला फार आवडतो, त्याने स्वतःच सांगितलेला. घरी तो मोझार्टची एक रचना वाजवत होता. तेवढ्यात घरकाम करणाऱ्या बाईंनी पियानोच्या शेजारीच व्हॅक्युम क्लीनर सुरू केला. घर्रर्र! स्वतःचा पियानोच ऐकू येईना. ग्लेन थांबला नाही. बोटांना पट्ट्या लागत होत्या, आपण काय वाजवतोय ते कळत होतं, पण कानावर येत होती नुसती घरघर. आणि त्याला वाटलं, अरेच्चा, हे तर आधीपेक्षा छान वाजतंय! कारण आता तो सूर कानाने न ऐकता मनात ऐकत होता. तिथे पियानो बेसूर नसतो, बोट चुकत नाही. पुढे एखादी रचना बसेना की तो मुद्दाम रेडिओ वगैरे मोठ्याने लावून ठेवायचा. (हे घरी सांगताना जपून. 'टीव्ही लावल्याशिवाय माझा अभ्यास होत नाही' याला आई पुरावा मागेल!)

तर, त्या जूनमध्ये त्याने रेकॉर्ड केली बाख या जर्मन संगीतकाराची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना. बाखने ती १७४१मध्ये छापली, तीही हार्पसिकॉर्डसाठी. आधी एक संथ चाल, मग तिच्या पायावर उभी केलेली ३० रूपं, आणि शेवटी पुन्हा तीच चाल. तोवर बऱ्याच जणांना ही रचना म्हणजे विद्वानांनी चघळायची सुकी भाकरी वाटायची. गूल्डने ती ३८ मिनिटांत अशी उधळली की १९५६मध्ये रेकॉर्ड बाजारात आली आणि हातोहात खपली. कॅनडातला कुणीतरी पोरगा एकदम जगाला माहीत झाला.

मग सुरू झाले दौरे. १९५७ साली तो मॉस्कोला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियात जाऊन वाजवणारा उत्तर अमेरिकेतला तो पहिलाच पियानोवादक. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे सभागृह अर्धंमुर्धं रिकामं. मध्यंतर झालं आणि ऐकायला आलेली मंडळी टेलिफोनकडे धावली. मित्रांना, नातलगांना फोन गेले, असाल तसे या म्हणून! मध्यंतरानंतर सभागृह गच्च भरलं होतं.

इतकं कौतुक झाल्यावर कुणीही खूश झालं असतं. हा वैतागला. त्याला विमानाची भीती वाटायची, थंडीची वाटायची, सर्दीची तर भयंकर वाटायची. प्रत्येक गावी नवा पियानो, नवा त्रास. पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्याला वाटायचं की मैफिलीला आलेले लोक सर्कशीला यावं तसे येतात. आता हा चुकतो का, आता पडतो का, हे बघायला. १९६२मध्ये त्याने टाळ्यांवर बंदी घाला असा लेखच लिहिला. आणि मैफिलीत एकदा वाजवलं ते वाजवलं, पुन्हा संधी नाही, हे तर त्याला मुळीच पटत नव्हतं. १० एप्रिल १९६४ला लॉस एंजेलिसमध्ये त्याने वाजवलं. निरोपाचं भाषण नाही, जाहिरात नाही. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. त्यानंतर लोकांसमोर त्याने पुन्हा कधीही मैफल केली नाही.

काहींनी म्हटलं, विक्षिप्त आहे. मला तो कोट, मोजे, खुर्ची हे सगळं वरवरचं वाटतं. आतून तो चिकाटीने प्रयोग करणारा माणूस होता आणि त्याला हवी होती प्रयोगशाळा. ती त्याला स्टुडिओत सापडली.

त्या काळी आवाज चुंबकीय टेपवर साठवायचे. तपकिरी रंगाची, बोटभरही रुंद नसलेली फीत. स्टुडिओत ती सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने पळायची. म्हणजे एका सेकंदाचं संगीत ३८ सेंटिमीटर लांब! ते हातात धरता येतं, त्यावर खडूने खूण करता येते, ब्लेडने कापता येतं आणि दुसऱ्या तुकड्याला चिकटपट्टीने जोडता येतं. बाखची एक 'फ्यूग' गूल्ड वाजवत होता. फ्यूग म्हणजे एकाने चाल सुरू करायची, ती संपते न संपते तोच दुसऱ्याने तीच चाल वेगळ्या सुरावरून उचलायची, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने, आणि सगळे एकमेकांत गुंतत गेले तरी कुणी कुणाच्या पायात येता कामा नये. चार जणांचं हे काम एकट्याची दहा बोटं करतात. त्याने ती अनेकदा वाजवली. सहाव्या आणि आठव्या वेळची दोन्ही उत्तम झाली होती. दोन्हींत एकही चूक नाही. पण काही आठवड्यांनी पुन्हा ऐकलं तेव्हा दोन्ही कंटाळवाणी वाटायला लागली. सहावी फार गंभीर, आठवी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती उड्या मारणारी. मग लक्षात आलं की दोन्हींची लय जवळजवळ एकच आहे. झालं! सुरुवात सहावीतली घेतली, मधला भाग आठवीतला, शेवट पुन्हा सहावीतला. जी फ्यूग तयार झाली ती कुठल्याच दिवशी, कुठल्याच क्षणी अशी सलग वाजलेली नव्हती.

ही लबाडी झाली का? तेव्हा यावर चिक्कार भांडणं झाली. गूल्डचं म्हणणं, सिनेमावाले तुकडे जोडतात ते चालतं ना, मग मीच काय घोडं मारलंय? मी त्याच्या बाजूने आहे. मात्र एक अट घालून. तुकडे जोडायचे असतील तर आधी प्रत्येक तुकडा तसा वाजवता यायला हवा, आणि त्याला तो यायचा.

या सगळ्या खटाटोपात त्याचा एक जिवाभावाचा साथीदार होता, स्टाइनवे कंपनीचा पियानो क्रमांक सीडी ३१८. टोरांटोतल्या ईटन्स नावाच्या मोठ्या दुकानात तो त्याला गवसला. पट्ट्या हलक्या, दाबताक्षणी बोलणाऱ्या. त्याला सुरात ठेवायचं काम व्हर्न एडक्विस्ट यांच्याकडे. यांना जन्मापासून मोतीबिंदू, डोळ्यांना फारच कमी दिसायचं. अंधांच्या शाळेत ते पियानो सुरात लावायला शिकले. आणि गंमत म्हणजे, सूर ऐकला की त्यांना मनात रंग दिसायचे! प्रत्येक सुराचा रंग ठरलेला. काही माणसांच्या मेंदूत एका इंद्रियाची जाणीव दुसऱ्या इंद्रियाला जागं करते, हे विज्ञानालाही माहीत आहे.

गूल्डचा लकडा एकच. पट्टी अजून हलकी करा, हातोडी अजून चटकन सुटू द्या. इतकी कारागिरी केल्यावर पियानोला उचकी लागली! म्हणजे खरोखर काय झालं, तर तारेवर आपटून मागे येणाऱ्या हातोडीला झेलायला आत एक छोटा लाकडी ठोकळा असतो. हातोडीचं अंतर आणि झेलण्याची वेळ यांचं गणित जरा बिघडलं की ती निसटते आणि तारेवर पुन्हा एकदा हलकेच टकटक करते. मधल्या सुरांमध्ये, संथ वाजवताना, एका सुराच्या जागी दीड सूर! १९६४मध्ये बाखच्या 'इन्व्हेन्शन्स' या छोट्या रचनांची रेकॉर्ड निघाली तेव्हा ही उचकी त्यात होतीच. गूल्डने ती लपवली नाही. उलट रेकॉर्डसोबतच्या मजकुरात त्याने लिहून टाकलं की पियानोला अशी खोड लागली आहे आणि आम्हाला आता ती आवडायला लागली आहे. ही रेकॉर्ड आज इंटरनेटवर सहज सापडते. हेडफोन लावा आणि उचकी पकडून दाखवा.

१९७१मध्ये सीडी ३१८ प्रवासातून परत आला तो मोडूनच. वाटेत तो कुठेतरी आपटला होता आणि ती ओतीव लोखंडी चौकट तडकली होती. दुरुस्ती झाली, नवी चौकट बसली, पण पहिली जादू परतली नाही. गूल्ड बरीच वर्षं तोच वाजवत राहिला. आज तो पियानो कॅनडाची राजधानी ओटावा इथे जपून ठेवला आहे.

१९८१मध्ये त्याने 'गोल्डबर्ग' पुन्हा रेकॉर्ड केली. न्यूयॉर्कचा स्टुडिओ तोच, खुर्ची तीच, पियानो या वेळी यामाहाचा. पहिल्या वेळी सुरुवातीची जी चाल दोन मिनिटांच्या आत संपली होती, तिला आता तीन मिनिटं लागली. पूर्ण रचना ३८ची ५१ मिनिटं झाली. दोन्ही लागोपाठ ऐका. माणूस तोच, सूर तेच, आणि मधे २६ वर्षं. पुढच्याच वर्षी, पन्नासावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि ४ ऑक्टोबर १९८२ला तो गेला.

पण त्याचं वाजवणं पृथ्वीच्या बाहेर आधीच निघालं होतं. १९७७मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर १ आणि २ ही यानं सोडली. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली आहे, कुणी परग्रहवासी भेटलाच तर त्याला ऐकवायला. तबकडीवर पृथ्वीवरचं जवळपास ९० मिनिटांचं संगीत आहे. वाजवायची सुई आणि खुणांमध्ये काढलेल्या सूचनाही सोबत दिल्या आहेत. त्या संगीतात गूल्डने वाजवलेली बाखची एक रचना आहे, पावणेपाच मिनिटांची. आणि त्याच तबकडीवर साडेतीन मिनिटं आहेत गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या आपल्या सूरश्री केसरबाई केरकरांची, राग भैरवी!

या दोघांची जोडी बघा कशी जमली आहे. गूल्ड मैफिलीला वैतागलेला आणि माइकवर जीव टाकणारा. केसरबाई मैफिलीच्या सम्राज्ञी, पण रेकॉर्डिंगचं त्यांना वावडंच. समोर जाणकार बसलेले हवेत, गाणं तिथेच रंगावं आणि तिथेच संपावं. रेडिओवरही त्या गायल्या नाहीत. तरी नेमका त्यांचाच आवाज तबकडीवर बसून निघाला. व्हॉयेजर १ने उड्डाण केलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. २०१२मध्ये ते यान सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं. आता प्रकाशालाही तिथे पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो.

गूल्डचे पैसे कुणाला मिळाले, ठाऊक आहे? एक वाटा गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला आणि एक टोरांटोतल्या प्राण्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेला. प्राण्यांवर त्याचा लहानपणापासून जीव. निक नावाचा कुत्रा त्याच्या सोबतीला असायचा. सिमको तळ्याकाठी त्यांचं सुट्टीतलं घर होतं. तिथे लोक गळ टाकून बसले की हा मोटरबोट घेऊन तळ्यात भरधाव चकरा मारायचा, मासे पळून जावेत म्हणून!

१९७९मध्ये टोरांटो शहरावर एक माहितीपट निघाला आणि शहर दाखवायचं काम गूल्डकडे आलं. त्यात तो प्राणिसंग्रहालयात जातो. तिथे हत्ती उभे आहेत. आणि पंधरा वर्षं लोकांसमोर न वाजवलेला हा माणूस हत्तींसमोर उभा राहतो, हातवारे करतो आणि माहलर या संगीतकाराचं एक जर्मन गाणं खड्या आवाजात गायला लागतो. टाळ्या काही पडल्या नाहीत. म्हणजे सगळं त्याच्या मनासारखंच झालं!